गुणसूत्रे दुप्पट, मका किती मोठा?

गुणसूत्रांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक वाक्य हमखास लिहितो : ‘बहुगुणित वनस्पती आकाराने मोठ्या असतात.’ मुले ते उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. पण समजा, मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीने विचारले, ‘‘मग मक्याची गुणसूत्रे आठपट केली, तर मका नारळाएवढा उंच होईल का?’’ वर्ग हसेल. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न गंभीरपणे हाती घेतला होता. त्यांनी मक्याची गुणसूत्रे निम्मी, दीडपट, दुप्पट, चौपट झालेली झाडे मिळवली, वाढवली, मोजली. मक्याने जे उत्तर दिले, ते फळ्यावरच्या वाक्यापेक्षा बरेच वेगळे होते. त्याचीच ही हकिगत.

राक्षसी फुलझाड

सुरुवात मक्यापासून झाली नाही. हॉलंडमध्ये ह्यूगो द व्रीस हे वनस्पतिशास्त्रज्ञ इव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाची पिढ्यान्‌पिढ्या लागवड करीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना त्यात एक वेगळे झाड सापडले. खोड जाड, पाने रुंद, फुले टपोरी. त्याला त्यांनी ‘गिगास’, म्हणजे राक्षसी, असे नाव दिले. नव्या जाती एकाएकी कशा निर्माण होतात, याचा हा पुरावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९०७ साली अमेरिकेतील अ‍ॅन लुट्‌झ या संशोधिकेने या राक्षसी झाडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. साध्या झाडात १४ गुणसूत्रे होती, राक्षसी झाडात २८! दोन वर्षांनी रगल्स गेट्‌स यांनी त्याच्या पेशीही मोठ्या असल्याचे दाखवून दिले. दुप्पट गुणसूत्रे, मोठ्या पेशी, मोठे झाड. साखळी जुळली असे वाटले. गिगास साध्या झाडापेक्षा दणकट असला तरी उंचीने फारसा जास्त नव्हता, या गोष्टीकडे त्या उत्साहात कोणी विशेष लक्ष दिले नाही.

नाव मात्र रुळले. गुणसूत्रे वाढली की झाड ‘राक्षसी’ होते, ही समजूत त्याबरोबर रुळली. साहजिकच पुढचा विचार आला : फुलझाडात हे होते, तर पिकात का होऊ नये?

आधी मोजणी

पीक निवडायचे तर मका सोयीचा. नरफुले वरच्या तुऱ्यात, मादीफुले खालच्या कणसात. त्यामुळे कोणाचे पराग कोणावर टाकायचे, हे आपल्या हातात राहते. तुऱ्याला आणि कणसाला कागदी पिशव्या बांधल्या की काम झाले. शिवाय कणसावरचा प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र अपत्य. एका कणसात शेकडो भावंडे पाहायला मिळतात.

पण मक्यात मुळात गुणसूत्रे किती? आज आपण सहज २० म्हणतो. त्या काळी हे सोपे नव्हते. वनस्पतीचा भाग मेणात बसवून त्याचे पातळ काप घेण्याची पद्धत होती. कापताना गुणसूत्रांचेही तुकडे होत आणि मोजणी चुके. जपानमधील कुवाडा यांना वेगवेगळ्या मक्यांत २० पासून २४ पर्यंत गुणसूत्रे दिसली.

यातला काही गोंधळ काप घेण्याच्या पद्धतीमुळे होता. जॉन बेलिंग यांनी अ‍ॅसिटोकार्मीन या रंगद्रव्यात पेशी रंगवून काचपट्टीवर चेपण्याची युक्ती काढली, तेव्हा अखंड पेशी पाहता येऊ लागली आणि मोजणी भरवशाची झाली. नेहमीची गुणसूत्रे २०, म्हणजे १० जोड्या, हे पक्के झाले. उरलेला गोंधळ मात्र खरा होता. काही मक्यांत या २० शिवाय जादा गुणसूत्रे खरोखरच असतात. त्यांच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

तीस गुणसूत्रांचे एक झाड

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात रॉलिन्स इमर्सन यांच्याभोवती मक्यावर काम करणारी मंडळी जमली होती. लोवेल रँडॉल्फ हे तेथे मक्याच्या पेशी तपासत. त्यांच्या हाताखाली बार्बरा मॅक्लिंटॉक ही विशीतली विद्यार्थिनी काम करू लागली. पुढे १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मॅक्लिंटॉक त्या याच.

१९२५ च्या सुमारास त्यांना मक्याचे एक असे झाड मिळाले, ज्याच्या पेशींत ३० गुणसूत्रे होती. म्हणजे दहा-दहाचे तीन संच. १९२६ मध्ये रँडॉल्फ आणि मॅक्लिंटॉक यांनी मक्यातील बहुगुणिततेवर छोटा लेख प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये याच त्रिगुणित मक्यावर मॅक्लिंटॉक यांनी डॉक्टरेट मिळवली.

असे झाड निर्माण कसे होते? अर्धगुणसूत्री विभाजन बिघडले, तर अंडपेशीत १० ऐवजी २० गुणसूत्रे राहतात. तिचा परागातील नेहमीच्या १० शी संयोग झाला की ३०. त्रिगुणित झाड बऱ्यापैकी जोमदार असते. खरी अडचण पुढच्या पिढीत येते. तीन-तीन सारखी गुणसूत्रे दोन पेशींत कशी वाटायची? दोघांना एकेक दिले की तिसरे कुठेतरी जाते. त्यामुळे कोणा अंडपेशीत १०, कोणात १३, कोणात १७ अशी मोजदाद होते.

मॅक्लिंटॉक यांनी ही अडचणच कामाला लावली. त्रिगुणिताचा साध्या मक्याशी संकर केला की काही अपत्यांत २१ गुणसूत्रे मिळतात, म्हणजे एखादेच गुणसूत्र जादा. कोणते जादा आहे, हे ओळखता आले तर कोणती जनुके कोणत्या गुणसूत्रावर आहेत, हे शोधता येते. १९२९ मध्ये त्यांनी मक्याच्या दहाही गुणसूत्रांची लांबी आणि ठेवण यांवरून वेगवेगळी ओळख पटवली. मोठे झाड मिळवणे हा त्यांचा हेतू नव्हता. झाडाच्या आतला नकाशा काढणे हा होता.

कणसाला शेक

दुप्पट गुणसूत्रांचा, म्हणजे ४० गुणसूत्रांचा मका मात्र निसर्गात सापडण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. रँडॉल्फ यांनी तो घडवायचे ठरवले. त्यांचा विचार साधा होता. परागीभवनानंतर साधारण एका दिवसाने फलित अंडपेशीचे पहिले विभाजन होऊ लागते. गुणसूत्रांची प्रत तयार झालेली असते, पण पेशीचे दोन भाग व्हायचे असतात. नेमक्या याच वेळी धक्का दिला, तर दोन्ही प्रती एकाच पेशीत राहतील आणि त्या पेशीपासून वाढणारे सगळे झाडच दुप्पट गुणसूत्रांचे होईल.

धक्का कशाचा? उष्णतेचा. कोवळ्या कणसाला विजेच्या साहाय्याने ४० अंश सेल्सियसच्या वर शेक दिला गेला. या प्रयोगांचे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक दाण्यांतून साधीच रोपे आली. थोड्या रोपांत ४० गुणसूत्रे मिळाली आणि काही थोड्यांत चक्क ८०!

पुढे १९३७ मध्ये कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करता येतात, हे ब्लेकस्ली आणि अ‍ॅव्हरी यांनी दाखवले आणि शेक देण्याची खटपट संपली. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू कोल्चिसीनमुळे तयार होत नाहीत, म्हणून गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात.

आता मुख्य प्रश्न : हा ४० गुणसूत्रांचा मका दिसायला कसा होता?

ताट जाड, पाने रुंद आणि जाडसर, परागकण मोठे, दाणे टपोरे. पिवळ्या मक्यात तर दाण्यातील पिवळे रंगद्रव्यही वाढले होते. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे. पण झाड दुप्पट उंच नव्हते. बहुधा साध्या मक्याएवढेच किंवा थोडे कमी. ते उशिरा पक्व होई. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कणीस नीट भरत नसे. चार-चार सारखी गुणसूत्रे वाटताना चुका होत. काही पराग आणि अंडपेशी वाया जात, आणि कणसावर जागोजागी दाण्यांच्या जागा रिकाम्या राहत. दाणा मोठा, पण दाण्यांची संख्या कमी. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा होता.

आणि ८० गुणसूत्रांचा मका? मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे हे थेट उत्तर. तो नारळाएवढा झाला नाही. तो खुरटला. रोपे अशक्त आणि वांझ निघाली.

पेशी मोठी, मग झाड का नाही?

इथे वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. पुठ्ठ्याचे दोन घन करून घ्या. एकाची बाजू १० सेंटिमीटर, दुसऱ्याची १२.६ सेंटिमीटर. शेजारी ठेवले तर दुसरा थोडासाच मोठा दिसतो. पण घनफळ काढायला सांगा : पहिल्याचे १००० घन सेंटिमीटर, दुसऱ्याचे जवळजवळ २०००. म्हणजे पेशीचे आकारमान दुप्पट झाले, तरी तिची लांबी फक्त सव्वापट होते. पेशींची संख्या तेवढीच राहिली असती, तर १५० सेंटिमीटरचा मका फार तर १८९ सेंटिमीटरचा झाला असता. ‘दुप्पट’ या शब्दाचा निम्मा दरारा इथेच उतरतो.

आता पृष्ठफळ काढा : ६०० आणि सुमारे ९५३ चौरस सेंटिमीटर. आकारमान दुप्पट, पण पृष्ठभाग दीडपटीपेक्षा थोडाच जास्त. पेशीला जे काही आत घ्यायचे आणि बाहेर टाकायचे असते, ते या पृष्ठभागातूनच. मोठ्या पेशीच्या वाट्याला त्या मानाने कमी पृष्ठभाग येतो. शिवाय प्रत्येक विभाजनाआधी तिला दुप्पट गुणसूत्रांची प्रत करावी लागते. चतुर्गुणित झाडांची वाढ सावकाश होते आणि पेशींची संख्या मागे पडते. मोठ्या विटा, पण कमी विटा. भिंत जवळजवळ तेवढीच.

मक्याच्या रानटी भाईबंदांतही हे दिसते. मेक्सिकोत टिओसिंटे या रानगवताच्या दोन बहुवर्षायू जाती आहेत. एकीत २० गुणसूत्रे आहेत, दुसरीत ४०. चाळीसवाली जात वीसवालीपेक्षा थोराड मुळीच नाही. उलट ती अंगाने किरकोळ आहे.

एक जास्त आणि दहा जास्त

सगळे संच दुप्पट केल्यावर झाड निदान धडधाकट तरी राहते. पण एकच गुणसूत्र जास्त झाले तर? धोतऱ्यात ब्लेकस्ली यांनी याचा छडा लावला होता. धोतऱ्यात गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. यातले प्रत्येक गुणसूत्र एकेकटे जादा असलेली झाडे त्यांनी मिळवली, तेव्हा प्रत्येकाचे बोंड निराळ्या आकाराचे निघाले. कोणाचे गोल, कोणाचे लांबट, कोणाचे काटेरी. मक्यात फरक इतका ठळक नसतो, पण २१ गुणसूत्रांचे झाड पुष्कळदा साध्या झाडाइतके जोमदार नसते.

याच्या नेमके उलट उदाहरणही मक्यातच आहे. कुवाडा यांच्या मोजणीत गोंधळ घालणारी जादा गुणसूत्रे आठवतात? रँडॉल्फ यांनी १९२८ मध्ये त्यांना ‘बी’ गुणसूत्रे असे नाव दिले. ती आकाराने लहान असतात आणि झाडाला आवश्यक अशी जनुके त्यांच्यावर जवळजवळ नसतात. पाच-सात बी गुणसूत्रे असलेला मका साध्या मक्यासारखाच दिसतो. त्यांची संख्या दहा-पंधराच्या पुढे गेली, तरच जोम आणि दाणे धरण्याची क्षमता कमी होऊ लागते.

हे दोन्ही शेजारी मांडून पाहा. एकीकडे फक्त एक गुणसूत्र जादा, आणि झाडाचा जोम घटतो. दुसरीकडे पाच-सात जादा, आणि झाडाला पत्ताच नाही. म्हणजे नुसती संख्या महत्त्वाची नाही. त्या गुणसूत्रांवर कोणती जनुके आहेत आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण काय, याला महत्त्व आहे. पाककृतीत सगळे जिन्नस दुप्पट घेतले तर पदार्थ जास्त होतो. एकट्या मिठाचे प्रमाण दुप्पट झाले तर तो बिघडतो.

दहा गुणसूत्रांचा बुटका

मोठा मका मिळवण्याच्या धांदलीत एक झाड बराच काळ दुर्लक्षित राहिले : फक्त १० गुणसूत्रांचे, एकगुणित. अंडपेशीचा भ्रूण पित्याच्या गुणसूत्रांवाचूनच वाढला, तर असे झाड तयार होते. ते बुटके, अरुंद पानांचे आणि बहुतांशी वांझ असते. शेतात ते हजारात एखादेच आढळते.

शर्रेट चेस यांनी १९४० च्या दशकात या बुटक्याचे मोल ओळखले. संकरित मक्यासाठी आधी शुद्ध वाण तयार करावे लागतात. त्यासाठी एकाच झाडाचे पराग त्याच्याच कणसावर टाकायचे, असे सहा-सात पिढ्या करावे लागते. पण एकगुणित झाडात प्रत्येक गुणसूत्र एकेकटेच. त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली, की प्रत्येक जोडीतील दोघेही अगदी सारखे. सहा-सात पिढ्यांचे काम एका फटक्यात!

हजारात एक झाड शोधणे परवडणारे नव्हते. १९५९ मध्ये एड कोए यांनी ‘स्टॉक ६’ नावाचा एक वाण जाहीर केला. त्याच्या संततीत शंभरात दोन-तीन एकगुणित मिळत. पुढे निवड करून हे प्रमाण आणखी वाढवले गेले. यामागचे जनुक कोणते, ते २०१७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी शोधून काढले. आज जगभरच्या मक्याच्या पैदाशीत या पद्धतीचा मोठा वापर होतो. ज्याच्याकडून भव्यतेची अपेक्षा होती, तो चाळीस गुणसूत्रांचा मका प्रयोगशाळेपुरता राहिला. शेतापर्यंत पोहोचला तो बुटक्याचा वंश.

चतुर्गुणित मक्याने तरीही एक मोलाची गोष्ट शिकवली. १९६७ मध्ये अमेरिकेतील लेव्हिंग्ज, डडली आणि अलेक्झांडर यांनी चतुर्गुणित मक्याच्या संकरांविषयी लिहिले. दोन वाणांच्या संकरापेक्षा चार वाणांचे रक्त एकत्र आणलेला चतुर्गुणित संकर अधिक जोमदार असतो, असे अशा अभ्यासांतून दिसून आले. चार संच चार ठिकाणांहून आलेले असतील, तर फायदा. चारही एकसारखे असतील, तर नाही. इथेही संख्येपेक्षा विविधता भारी पडली.

मका आणि ज्वारी

शेवटी आपल्या शेतातलाच एक दाखला. ज्वारीची गुणसूत्रे २० आणि मक्याचीही २०. दोघांचे पूर्वज एकच. २००९ मध्ये दोन्ही पिकांच्या सगळ्या डीएनएचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ज्वारीपासून वेगळे झाल्यावर, सुमारे ५० लाख ते १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, मक्याच्या पूर्वजाची गुणसूत्रे एकदा दुप्पट झाली होती. मग तुकड्यांची जोडाजोड होऊन ती पुन्हा दहा जोड्यांवर आली. दुप्पट झालेल्यांपैकी कित्येक जनुके हरवली, आणि फिरत्या जनुकीय घटकांनी डीएनए मात्र फुगवला. हे फिरते घटक मॅक्लिंटॉक यांनीच शोधले होते आणि नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. आज मक्याचा डीएनए ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट आहे, गुणसूत्रे तेवढीच आहेत आणि बांधावरून पाहिले तर ज्वारीची उंच ताटे मक्याच्या वरही डोके काढतात.

म्हणजे आपला रोजचा ‘साधा’ मका हाही एक जुना बहुगुणितच आहे. दुप्पट झाल्यावर तो राक्षस बनला नाही. लाखो वर्षे त्याने जुळवून घेतले, नको ते टाकले आणि नव्या जोड्या जमवल्या.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावरचे वाक्य थोडे बदलून लिहू या : ‘बहुगुणित वनस्पतींच्या पेशी बहुधा मोठ्या असतात, झाड मोठे होईलच असे नाही.’ खाली दोन घन काढा आणि घनफळ, पृष्ठफळ मुलांकडूनच काढून घ्या. नारळाचा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात असेल, तर तिला सांगा, की तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसांनी मक्याच्या कणसाला शेक देऊन पाहिला होता.